इंधन भरताना विमानाचे विंडशील्ड कसे जपावे : नव्या प्रशिक्षणार्थींसाठी मार्गदर्शक

सेसना 152 किंवा 172 सारख्या विमानात पहिल्यांदा इंधन भरायला उभा राहिलेला प्रशिक्षणार्थी टाकीत किती लिटर गेले, इंधनात पाणी आले का, अर्थिंगची तार लावली का, एवढ्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो आणि ते योग्यच आहे. पण पंखातल्या टाकीच्या तोंडापासून फार लांब नसलेले विंडशील्ड त्याच्या लक्षात राहत नाही, कारण ते काचेचे आहे असा त्याचा समज असतो. ते काचेचे नसते. ते प्लास्टिकचे असते आणि पेट्रोल, ॲव्हगॅस (पिस्टन इंजिनाच्या विमानांचे पेट्रोल), थिनर, ॲसिटोन अशा द्रवांनी कायमचे बिघडू शकते. हा बिघाड एखाद्या मोठ्या अपघाताने क्वचितच होतो. नळीच्या टोकावरून गळणारे थेंब, डिपस्टिकवरून, म्हणजे टाकीतले इंधन मोजायच्या पट्टीवरून, ओघळलेली धार आणि घाईघाईने मारलेले फडके यांनीच तो बहुतेक वेळा होतो. बारामती, धुळे, नागपूर येथे किंवा परदेशात नव्याने उड्डाण शिकू लागलेल्यांना उपयोगी पडेल अशा क्रमाने मी खाली ही कामे मांडली आहेत. विमानाची अधिकृत हस्तपुस्तिका आणि तुमच्या संस्थेची इंधन भरण्याची लेखी कार्यपद्धती मात्र या लेखाच्या वर आहे. दोहोंत फरक आढळला तर त्यांचेच ऐकावे.

1. आपले विंडशील्ड कशाचे आहे ते आधी माहीत करून घ्या

लहान विमानांत मुख्यतः दोन प्रकारचे प्लास्टिक वापरतात. सेसनासारख्या प्रमाणित विमानांत बहुधा ॲक्रिलिक असते. प्लेक्सिग्लास आणि पर्स्पेक्स ही त्याचीच व्यापारी नावे आहेत. दुसरा प्रकार पॉलिकार्बोनेटचा. तो लेक्सान या नावाने ओळखला जातो आणि मायक्रोलाइट, अल्ट्रालाइट अशा अगदी हलक्या व हौशी लोकांनी घरी बांधलेल्या विमानांत जास्त आढळतो. पॉलिकार्बोनेट आघाताला फार चिवट असते, पक्षी आपटला तरी सहसा त्याचे तुकडे होत नाहीत, आणि म्हणूनच नवख्या माणसाला ते अधिक भरवशाचे वाटते. पेट्रोलच्या बाबतीत मात्र उलटे आहे. सपाट पॉलिकार्बोनेटचा पत्रा वाकवून चौकटीत बसवलेला असेल आणि त्याच्या कडेवर किंवा स्क्रूच्या भोकापाशी पेट्रोल ओघळले, तर तो तिथून तडकतो. असे तडे कधीकधी काही मिनिटांतच दिसू लागतात. नुसते पाहून दोन्ही प्लास्टिकांतला फरक ओळखता येत नाही. म्हणून देखभाल पुस्तिकेत पाहा किंवा विमानाची देखभाल करणाऱ्या परवानाधारक अभियंत्यांना, म्हणजे एएमईंना, सरळ विचारा.

नुकसान कसे होते हे समजले की पुढच्या सूचना पाठ करण्याची गरज राहत नाही. विंडशील्डच्या प्लास्टिकमध्ये ताण आधीच साठलेला असतो. पत्रा वाकवल्यामुळे, स्क्रू प्रमाणाबाहेर आवळल्यामुळे आणि उन्हातान्हात तो कमीजास्त होत राहिल्यामुळे हा ताण निर्माण होतो. ॲक्रिलिक उष्णतेने ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते. एक मीटर लांबीचा पत्रा तापमान 30 अंशांनी वाढल्यावर साधारण 2 मिलिमीटर वाढतो, तर त्याच लांबीची धातूची चौकट 0.7 मिलिमीटरच वाढते, आणि म्हणूनच प्लास्टिकमधली भोके स्क्रूपेक्षा मुद्दाम मोठी पाडलेली असतात. ॲव्हगॅसमधील टोल्युइनसारखे ॲरोमॅटिक घटक अशा ताणलेल्या पृष्ठभागात शिरले की तिथले प्लास्टिक सैल पडते आणि ताणाच्या आडव्या दिशेने केसाहूनही बारीक भेगांचे जाळे उमटते. याला क्रेझिंग म्हणतात. सावलीत ते जवळजवळ दिसत नाही. सूर्य समोर असताना मात्र ते इतके चकाकते की संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून उतरणाऱ्या वैमानिकाला धावपट्टी नीट दिसत नाही. इंधनाच्या थेंबांचा प्रश्न हा असा थेट सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

2. कोणते इंधन, याचीही नोंद घ्या

पिस्टन इंजिनाच्या प्रशिक्षण विमानांत ॲव्हगॅस 100एलएल वापरतात. त्याला निळा रंग मुद्दाम दिलेला असतो आणि आपल्याला त्याचा मोठा उपयोग आहे, कारण द्रव उडून गेला तरी निळसर डाग मागे राहतो आणि गळती कुठून झाली ते सांगतो. भारतात हे इंधन दीर्घकाळ आयात होत असे. 2022 च्या सप्टेंबरमध्ये इंडियन ऑइलने देशात तयार केलेले ॲव्हगॅस 100एलएल बाजारात आणले.

रोटॅक्स इंजिनाची अनेक मायक्रोलाइट विमाने मोटारीच्या पेट्रोलवरही चालतात. अशा विमानाजवळ अधिक जपून काम करावे लागते. आपल्याकडच्या पंपावरील पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि विंडशील्डला लावू नयेत अशा पदार्थांच्या यादीत अल्कोहोलचे नाव पेट्रोलच्या जोडीला असतेच.

डिझेल तत्त्वावर चालणाऱ्या काही विमानांत जेट ए-1 भरतात. ते केरोसीनच्या जातीचे असल्याने पेट्रोलइतके आक्रमक नाही, पण उडून जात नाही. तेलकट थर धूळ धरून ठेवतो आणि तो कोरड्या फडक्याने पुसला की ओरखडे उठतात.

3. लागणारे सामान आणि कागदपत्रे

हे सर्व इंधनाचे झाकण उघडण्यापूर्वी हाताशी हवे. थेंब पडल्यावर फडके शोधायला हँगरकडे धावण्यात जो वेळ जातो, त्यातच नुकसान होते.

- स्वच्छ पाण्याचे किमान दोन मोठे कॅन आणि सौम्य, अमोनियाविरहित साबणाचे पाणी.
- मऊ सुती फ्लॅनेल किंवा मायक्रोफायबरची फडकी, दोन वेगळ्या रंगांची: एक रंग फक्त इंधनासाठी, दुसरा फक्त विंडशील्डसाठी.
- हस्तपुस्तिकेत मान्य असलेला विमानाच्या प्लास्टिकसाठीचा क्लीनर.
- टाकीच्या तोंडाभोवती अंथरण्यासाठी मधे भोक असलेली इंधनरोधक रबरी चटई.
- पंखाच्या उंचीला पुरेल अशी, न डुगडुगणारी शिडी.
- अर्थिंग व बाँडिंगची (विमान आणि इंधनाचे साधन एकमेकांना जोडणारी) तार आणि अग्निशामक.
- वैमानिकाची हस्तपुस्तिका, संस्थेची इंधन भरण्याची कार्यपद्धती, इंधनाचे सुरक्षितता माहितीपत्रक आणि विमानाचे टेक लॉग (बिघाड व दुरुस्तीची नोंदवही).

दोन रंगांची फडकी ही या यादीतली सर्वांत स्वस्त वस्तू आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचीही. टाकीचे तोंड पुसलेले फडके खिशात जाते आणि थोड्या वेळाने उड्डाणापूर्वी विंडशील्डवरचे किडे पुसायला तेच बाहेर येते. एका थेंबाने जिथे एक डाग पडला असता, तिथे अशा फडक्याने संपूर्ण विंडशील्डवर पेट्रोलचा हात फिरतो.

विंडशील्ड झाकावे का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. खडबडीत कॅनव्हास टाकू नये, त्याने ओरखडे पडतात. स्वच्छ, मऊ अस्तराचे आणि द्रव न शोषणारे आच्छादन असेल तर ते जरूर घालावे. मात्र त्यावर इंधन सांडले तर ते तत्काळ काढले पाहिजे. इंधनाने भिजलेले कापड प्लास्टिकला चिकटून राहिले, तर उघड्यावर काही क्षणांत उडून गेले असते ते पेट्रोल तिथेच कोंडून राहते, आणि हे आच्छादन नसण्यापेक्षा वाईट आहे.

4. झाकण, गॅस्केट आणि जुने डाग तपासा

झाकण उघडण्यापूर्वी त्याच्या भोवती पाहा. झाकणापासून निघालेला निळा ओघळ दिसला तर खालची रबरी गॅस्केट किंवा ओ-रिंग कडक झाली आहे, चिरली आहे किंवा झाकण नीट बसत नाही असे समजावे. उड्डाणात पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे सैल झाकणातून इंधन वर ओढले जाते. सेसनात ते बहुतांशी मागे उडून जाते.

केबिनमध्ये बसूनही एक नजर टाका. विंडशील्डच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे ते पंखाच्या मुळाला भिडते, तिथे आतल्या बाजूने निळसर डाग किंवा पेट्रोलचा वास असेल, तर टाकीच्या आतल्या बाजूला बसवलेल्या इंधनमापकाच्या सेन्सरची गॅस्केट गळत असण्याचा संभव असतो. ही गळती प्लास्टिकच्या कडेला आतून भिजवत राहते आणि बाहेरून कितीही काळजी घेतली तरी थांबत नाही. तो डाग पुसून टाकू नका. आहे तसा एएमईंना दाखवा.

5. विमान कुठे आणि कसे उभे करावे

इंधन उघड्यावरच भरायचे, हँगरमध्ये नाही. विमान सपाट जागी उभे करा. एका बाजूला कललेल्या विमानात खालच्या बाजूची टाकी अपेक्षेपेक्षा लवकर तोंडाशी येते. शक्य असेल तर उन्हात तापलेल्या विंडशील्डला थोडे निवू द्या. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ॲप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या फरसबंद जागेवर, उभ्या असलेल्या विमानाच्या विंडशील्डला हात लावून पाहिला तर तो चटकन मागे घ्यावा लागतो. गरम आणि ताणलेल्या प्लास्टिकवर इंधनाचा परिणाम अधिक लवकर होतो, त्यामुळे इंधन भरण्याचे काम सकाळच्या गारव्यात उरकणे उत्तम.

सकाळी भरण्याला एक अट आहे. थंड इंधनाने टाकी काठोकाठ भरू नका. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग प्रसरण पावते. सेसना 152 ची प्रमाणित टाकी दर पंखात सुमारे 49 लिटरची असते. इंधन 20 अंशांनी तापले तर त्यातले जवळजवळ एक लिटर जागा शोधू लागते. ते व्हेंटमधून (टाकीत हवा येण्याजाण्याच्या नळीतून) पंखाखाली टपकले तर विंडशील्डला धोका नाही, पण गॅस्केट थकलेली असेल तर झाकणाभोवतीही झिरपते आणि उतार मिळेल तसे पंखाच्या मुळाकडे येते. पुढच्या उड्डाणाला लागेल तेवढेच इंधन, राखीव धरून, भरण्याची शिस्त वजनाच्या हिशेबालाही सोयीची पडते.

6. प्रत्यक्ष भरताना

आपल्याकडे अनेक ठिकाणी ॲव्हगॅस 200 लिटरच्या बॅरलमध्ये येते आणि फिरत्या दांड्याच्या हँडपंपाने वर चढवले जाते. ही पद्धत सुरक्षितपणे वापरता येते, पण तिच्यात टाकी भरल्यावर आपोआप बंद होणारे नोझल नसते. शिडीवर तुम्ही आणि खाली पंप फिरवणारे काका अशी दोघांची जोडी असते, आणि काकांना टाकीचे तोंड दिसत नसते. म्हणून सुरू करण्याआधीच ठरवा: “काका, ‘हळू’ म्हटलं की निम्म्या वेगानं फिरवा आणि ‘बस’ म्हटलं की हात दांड्यावरून काढा.” ‘बस’ म्हटल्यावरही नळीतले थोडे इंधन टाकीत उतरतेच, तेव्हा तेवढी जागा धरून ते आधीच म्हणायचे.

क्रम असा ठेवा. प्रथम विमान, बॅरल व पंप यांच्यात बाँडिंगची तार जोडा. ती सर्वांत शेवटी काढायची. शिडी पंखाच्या बाहेरच्या अंगाला, विंडशील्डपासून दूर लावा. उजव्या टाकीसाठी उजवीकडून आणि डाव्या टाकीसाठी डावीकडूनच चढा. शिडी हलवण्याचा कंटाळा करून नळी इंजिनाच्या आवरणावरून पलीकडे ओढणे हे विंडशील्ड बिघडण्याचे एक नेहमीचे कारण आहे, कारण त्या वाटेवर नळीचे ओले टोक नेमके विंडशील्डसमोरून जाते. सेसना 172 वर इंधन भरण्यासाठी विंडशील्डच्या पुढे धरायला मूठ आणि अंगावर पायरी दिलेली असते. तिचा आधार घेत असाल तर नोझल त्या हातात नसावे आणि हातमोजा पेट्रोलने ओला नसावा.

टाकीच्या तोंडाभोवती रबरी चटई अंथरा, नोझल तोंडाच्या धातूला टेकवा आणि मग इंधन सोडा. शेवटच्या काही लिटरना वेग कमी करा. भरून झाल्यावर नोझल लगेच बाहेर ओढू नका. ते तोंडातच तिरपे धरून निथळू द्या, मग टोक वर करून आणि खाली इंधनाच्या रंगाचे फडके धरून बाहेर काढा. टोक वर असले की नळीतले उरलेले इंधन मागे, बॅरलच्या दिशेने जाते. टोक खाली लोंबले की तेच इंधन पंखाच्या पुढच्या कडेवरून घसरते.

डिपस्टिकचेही हेच. एका टाकीत बुडवलेली पट्टी हातात तशीच घेऊन विमानासमोरून दुसऱ्या बाजूला चालत जाणारे अनेक जण दिसतात. पट्टी टाकीच्या तोंडातच झटका, फडक्याने पुसा आणि मगच शिडी उतरा. तपासणीसाठी काढलेला इंधनाचा नमुना पाहून झाल्यावर हवेत भिरकावू नका. वाऱ्याने तो विंडशील्डवर येतो. त्यासाठी ठेवलेल्या डब्यात ओता. नमुन्याचा कप इंजिनाच्या आवरणावर “क्षणभर” ठेवणेही टाळावे.

इंधन भरणे चालू असताना विंडशील्ड पुसण्याचे काम कोणालाही देऊ नका. कोरड्या फडक्याने प्लास्टिक घासल्यास स्थिरविद्युत निर्माण होते, आणि आसपास पेट्रोलची वाफ असताना ठिणगीचा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.

7. टाकी नाकात असेल तर

पायपर जे-3 कब या जुन्या आणि अजूनही अनेक देशांत प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या विमानात सुमारे 45 लिटरची टाकी इंजिन आणि वैमानिकाच्या कक्षाच्या मधे असते, आणि तिचे झाकण विंडशील्डच्या अगदी पुढे असते. झाकणातून वर आलेली तार हाच तिचा इंधनमापक. घरी बांधल्या जाणाऱ्या काही विमानांतही अशीच मांडणी आढळते. अशा विमानात वर सांगितलेले बरेच काही अपुरे पडते. शेपटीवर टेकलेल्या कबचे नाक जमिनीवर वर उचललेले असते, म्हणून सांडलेले इंधन मागे, थेट विंडशील्डच्या तळाच्या खाचेत जाते आणि तिथे साचते. उड्डाणात सैल झाकणातून निघालेले इंधनही वाऱ्याबरोबर विंडशील्डवरच येते.

येथे रबरी चटईची मागची कडा उभी वळवून झाकण आणि विंडशील्ड यांच्यामध्ये बांधासारखी धरावी, आणि त्यासाठी शक्यतो दुसरा माणूस घ्यावा. कॅन आणि फनेल वापरत असाल तर फनेल लांब नळीचे आणि तोंडात घट्ट बसणारे असावे. कॅन मागून नव्हे, बाजूने उचलावा, म्हणजे पहिला उसळणारा घोट विंडशील्डकडे जात नाही. उड्डाणापूर्वी झाकण हाताने फिरवून पाहा आणि तार मोकळी वरखाली होते का तेही पाहा.

8. तरीही थेंब पडलाच तर

इंधनाचा प्रवाह थांबवा. विमानातील कोणतेही विजेचे बटण लावू अथवा बंद करू नका. सांडलेले प्रमाण मोठे असेल तर आधी माणसे दूर करा आणि संस्थेच्या आपत्कालीन सूचना पाळा, विंडशील्ड नंतर.

थोडे थेंब असतील तर फडके मारण्याची पहिली ऊर्मी आवरा. भरपूर स्वच्छ पाणी वरून खाली वाहू द्या. पाण्याने इंधन सरकते आणि धूळही निघते. फडक्याने इंधन पसरते आणि धूळ प्लास्टिकवर घासली जाते. तापलेल्या विंडशील्डवर बर्फाचे गार पाणी नको, साधे पाणी घ्या. चौकटीच्या खाचा, खालची कडा आणि स्क्रूंच्या ओळीवर पाणी जास्त वेळ सोडा, कारण उघड्यावरचे पेट्रोल उडून जाते पण खाचेतल्या पट्टीत मुरलेले राहते. त्यानंतर सौम्य साबणाचे पाणी लावा. अंगठी, घड्याळ, कडे काढून, उघड्या तळहाताने हलकेच फिरवले की कण बोटांना जाणवतात. पुन्हा पाण्याने धुऊन ओलसर मऊ फडक्याने टिपून घ्या. निळा डाग उरला तर हस्तपुस्तिकेत मान्य असलेला क्लीनर थोडासा वापरा.

थिनर, ॲसिटोन, बेन्झिन, अल्कोहोल, बर्फविरोधी द्रव आणि घरातली काच पुसण्याचे द्रव यांपैकी काहीही वापरायचे नाही. पेट्रोलचा डाग पेट्रोलनेच निघतो असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. त्याचे ऐकू नका. इंधनाची वाफ पूर्ण निघून जाईपर्यंत इंजिन सुरू करायचे नाही.

9. तपासणी आणि नोंद

कोरड्या विंडशील्डवर टॉर्चचा उजेड बाजूने, अगदी तिरपा पाडा आणि डोके हळूहळू हलवत पाहा. क्रेझिंग असेल तर एका विशिष्ट कोनात चांदीसारखी बारीक रेघांची जाळी चमकते आणि कोन बदलला की नाहीशी होते. नख हलके फिरवल्यास ओरखडा लागतो, क्रेझिंग सहसा लागत नाही. कडा आणि प्रत्येक स्क्रूचे भोक वेगळे पाहा. तिथून निघालेला तडा नजरेच्या रेषेत नसला तरी अधिक गंभीर असतो, कारण कंपनाने तो वाढतो.

बारीक दाण्याच्या कागदाने घासून पॉलिश करण्याचे संच बाजारात मिळतात, परंतु ते काम तुमचे नाही. एकाच जागी जास्त घासले की प्लास्टिक तिथे पातळ होते आणि त्यातून पाहताना दृश्य वाकडे दिसते. पॉलिश करायचे, तड्याच्या टोकाशी भोक पाडून तो तात्पुरता रोखायचा की विंडशील्डच बदलायचे, हे एएमई ठरवतील.

टेक लॉगमध्ये किंवा संस्थेच्या नोंदवहीत कोणते इंधन, कोणत्या टाकीपाशी, अंदाजे किती सांडले, विंडशील्डच्या कोणत्या भागावर, किती वेळ राहिले आणि कशाने धुतले एवढे लिहा. “थोडे सांडले, पुसले” या नोंदीवरून एएमईंना काहीच ठरवता येत नाही. क्रेझिंग काही वेळा उशिरा दिसते. म्हणून दुसऱ्या दिवशी, विमान एकदा ऊन खाऊन आल्यानंतर, तीच जागा टॉर्चने पुन्हा पाहा आणि नवी रेघ आढळली तर पुढचे उड्डाण लागण्यापूर्वी एएमईंना बोलावून दाखवा.